दोन बोटं उजवीकडे

भूपालदादांनी कॉन्टेसा आणली ती मंगळवारी,
मिरजेत आमचा लाइट नसायचा दिवस.
"वळणावर लवंडती रे, बाबालाल.
अंकलीच्या पुलावरनं उतरताना पार अंगावर येती."
साल सत्त्याऐंशी. रंग एके काळी कोकमाचा,
आता जुन्या विटेचा.
वडलांची गाडी. ते कारखान्यात केमिस्ट होते,
वर्षापूर्वी गेले.

स्प्रिंग सोडताना मी कुणाशी बोलत नाही.
मागं एक सुटली ती छपराला भोक पाडून गेली,
दुपारी त्यातनं रुपयाएवढं ऊन
खड्ड्यात पडतं.

चाचा सतारी करतात, शनिवार पेठेत.
त्यांच्याकडची तुटकी तार आणली,
टोकाला नट बांधला: झाला ओळंबा.
जॅकनं चाक वर घेतलं,
एक इंच, दोन, तीन,
दर इंचाला लग्नाच्या मिठाईच्या पुठ्ठ्यावर
खडूची रेघ.
रेघा बाहेर बाहेर निघाल्या.
गाडी कलली की चाकही तिच्याबरोबर कलायचं,
जिथं पाय रोवायचा
नेमका तिथंच खांदा टाकायचं.

वरचा हात बावीस मिलिमीटर खाली घ्यायचा.
सांगायला एवढंच.
पण त्यासाठी अख्ख्या पोलादात नवी भोकं,
आणि भोक बुजवता येतं,
पाडलं नव्हतं असं करता येत नाही.
चाचा जवारी काढतात तेव्हा
कानस एकदा जास्त फिरली तर
घोडी फेकून देतात, काही न बोलता.
मी तीनदा मोजलं.
चौथ्यांदा चहा घेतला.
लाइट आली.

आता रेघा आत वळल्या.
मग टाय रॉड रुसला, चाक वर गेलं की
आपल्या मनानं वळायला लागला,
त्याला खाली घेतला, बुधवार त्यात गेला.

आणि डावीकडच्या शिमा काढताना
मधेच एक पट्टी निघाली
तपकिरीच्या डब्याच्या पत्र्याची,
कात्रीनं कापलेली, कडा कानशीनं मारलेल्या.
मेकॅनिकचं काम नव्हे.
एवढ्या निगुतीनं चूक करायला
घरचंच माणूस लागतं.
तिच्यामुळं त्या बाजूला कास्टर कमी,
म्हणून गाडी आयुष्यभर
डावीकडं ओढत होती.
पट्टी काढली. टूलबॉक्सच्या झाकणात टाकली.

गुरुवारी दंडोबाच्या वळणांवर नेली.
दादा पहिल्या वळणाला दबकले,
दुसऱ्याला हसले,
तिसऱ्याला ब्रेकवरचा पाय काढला.
बाहेरचं चाक दातांनी धरावं तसं
रस्ता धरून होतं.

उतरल्यावर सरळ रस्ता लागला
आणि गाडी उजवीकडं निघाली.
समोरनं हळदीची ट्रॉली.
"दादा!"
सावरलं.
परत उजवीकडं.
मी म्हटलं, जरा हात सोडा बघू.
सोडले.
गाडी सरळ. म्हैसाळच्या कालव्यासारखी सरळ,
ओढ नाही, मत नाही.
धरले की पुन्हा उजवीकडं,
दोन बोटं.

बाजूला घेतली त्यांनी. इंजिन चालूच ठेवलं.
"अण्णांनी शिकवलं तेव्हा
माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले,
भूपाल, स्टिअरिंग असं धरायचं, जरासं उजवीकडं.
मला वाटायचं सगळ्या गाड्या अशाच चालवतात.
बायकोची नवी गाडी चालवतानाही
मी तिलाच नावं ठेवतो."
मग बराच वेळ काही नाही.
कोंबडीखत भरलेला टेम्पो वास सोडून गेला.
"परत बसवता येईल का रे ती?"
येईल म्हटलं. पण बसवणार नाही.
"बरोबर आहे," म्हणाले,
आणि बरोबर नसल्यासारखं तोंड केलं.

बिलात लिहिलं: बुश चार,
भोकं, वेल्डिंग, टाय रॉड, अलाइनमेंट.
पट्टी त्यांनी शर्टाच्या खिशात घातली,
चष्म्याच्या मागं.

फाटकातनं बाहेर पडताना
मी चाकांकडं बघत होतो, सवयीनं.
चाकं सरळ होती.
कुपवाडच्या वळणापर्यंत गाडी
थोडी उजवीकडं, थोडी सरळ,
थोडी उजवीकडं.